अकरा किलोची बंडी

"टाच हलवू नकोस हं, वेणू," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. वेणूनं टाच तर सोडाच, श्वाससुद्धा रोखून धरला.

हाडं मोजायचं ते यंत्र आमच्या वस्तीइतकंच जुनं होतं. आधी खरखरायचं, मग गप्प बसायचं आणि मनाला येईल तेव्हा आकडा दाखवायचं. माझा धाकटा भाऊ हणमंत दारात उभा राहून बोटं मोडत होता. मी भिंतीला टेकले होते. वेणू त्याची मुलगी, माझी भाची, अकरा वर्षांची. सत्तर आकडा आला तर ती पृथ्वीवर जाणार होती. सत्तरच्या खाली आला तर मंगळावरच राहणार होती, आणि मंगळावर राहणं म्हणजे काय हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आमची वस्ती म्हणजे डोंगराच्या पोटातला एक लांबलचक बोगदा आणि त्यात चाळीस-एक माणसं. आम्हाला तिथं पाठवणाऱ्या मंडळाचा उत्साह वीस वर्षांत पार आटला होता. आठ महिन्यांपूर्वी निरोप आला, की शेवटचं यान निघालंय, यायचं असेल त्यांनी या. यापुढे धान्य येणार नाही, सुटे भाग येणार नाहीत, कुणी येणार नाही. सुट्या भागांशिवाय हवेचं यंत्र फार तर चार वर्षं ओढेल, असं आमचा मेकॅनिक म्हणायचा, आणि आमचा मेकॅनिक म्हणजे हणमंतच. त्याचं म्हणणं सहसा चुकत नसे. सत्तरची अट मात्र कुणी आधी कळवली नव्हती. ती यानासोबतच आली, आणि यान तीन दिवसांत परत निघणार होतं.

यंत्रानं अठ्ठावन्न दाखवले.

"परत लावा," हणमंत म्हणाला.

डॉक्टरांनी परत लावलं. सत्तावन्न. तिसऱ्यांदा लावलं, पुन्हा अठ्ठावन्न.

"झोपवून न्यू की, डॉक्टर. गादीवर. तिचा पाय जमिनीला लागू देणार न्हाई मी."

"हणमंतराव, गादीवर ठेवा नाहीतर पाळण्यात ठेवा, यान उतरताना अंगावर जो भार येतो तो हिचा कणा सोसणार नाही. आणि समजा उतरली, तरी तिकडं हिचं वजन एकदम अडीच पट होणार. बरगड्यांना श्वास ओढता येणार नाही. मी मुलीला मारायला पाठवू का?"

डॉक्टरांनी जुने आकडे काढून बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आश्चर्य वाटतं. आठ महिन्यांपूर्वी ही सेहेचाळीसवर होती. बारा वाढलेत. इतक्या थोड्या दिवसांत एवढं वाढलेलं मी एकाही मुलात पाहिलं नाही. हा वेग पुढं मंदावतो, तरी आणखी तीन वर्षं मिळाली असती तर निघाली असती. पण हाडं काही आठ महिन्यांत होत नाहीत." मग त्यांनी मान वर केली. "बंडी रोज घालत होती ना?"

"देवाशपथ," हणमंत म्हणाला. "उठल्यापासनं निजंस्तवर. इचारा अक्काला."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. घालत होती, हे खरंच होतं.

बंडीचं सांगायला हवं. मंगळावर माणूस हलका होतो. मोठ्यांचं त्यात फारसं बिघडत नाही, पण तिथं जन्मलेल्या पोरांच्या हाडांवर भारच पडत नाही आणि ती कच्ची राहतात. म्हणून वस्तीचा नियम होता, की पोर दोन वर्षांचं झालं की त्याला वाळू भरलेली बंडी घालायची, वयाइतक्या किलोंची. दर वाढदिवसाला नवी. शिवायचं काम माझं. मी मूळची इचलकरंजीची, वडिलांचे माग होते, हातात शिवण होती, म्हणून पोशाख शिवायला मला मंगळावर नेलं होतं. हणमंत मागून आला, त्याचं लग्न तिथंच झालं. मी बोगद्यातली जड काळी वाळू चाळायची, थैल्यांत भरायची, थैल्या अस्तरात शिवायची आणि कॉलरवर लाल दोऱ्यानं किलोंचा आकडा काढायची. माझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बंडी पुन्हा काट्यावर घालून बघावी, असं वीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नाही.

पोरांच्या आया यायच्या माझ्याकडं. शेजारची सगुणा तर दर वाढदिवसाला यायची. "अक्का, दिगूच्या खांद्याला वळ उठल्यात बघा. दोन मुठी कमी करा की. कुणाला कळतंय?" मी तिला उभी-आडवी घ्यायची. एवढी माया असेल तर पोराला तुझ्या वाटचं दूध दे, म्हणायची, वाळूचं मी बघते. सगुणा माझ्यावर फुगून बसायची. वस्तीत मला सगळे खडूस म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. दिगूचा आकडा त्या दिवशी सकाळी अठ्ठ्याहत्तर आला. वस्तीतल्या सात मुलांपैकी सहा पास झाली. त्या सहांच्या बंड्या मी शिवल्या होत्या आणि त्यांत एक चिमूटही वाळू कमी नव्हती.

सातवी बंडीही मीच शिवली होती.

वेणू चार वर्षांची असताना तिची आई, माझी भावजय कुसुम, तापानं गेली. तिसऱ्या दिवशी पोर रडत शिवणखान्यात आली. दोन्ही खांद्यांवर लालभडक वळ. कुसुम रोज रात्री त्यावर तेल चोळायची, हे मला तेव्हा कळलं. मी तिला मशीनशेजारी बसवलं, बंडीची शिवण उसवली आणि दोन मुठी वाळू काढून डब्यात टाकली. आई गेलेल्या पोरीनं आणखी किती ओझं वाहायचं, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. वेणू टुकुटुकु बघत होती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाबाला सांगायचं न्हाई हं." तिनंही आपलं इवलंसं बोट ओठांवर ठेवलं.

चार वर्षांचं पोर, त्याला काय लक्षात राहणार? पुढच्या वर्षी मी पाचाची बंडी शिवली तेव्हा हात आपोआप आखडला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडा. यंत्राचा आकडा दर वर्षी कमीच यायचा आणि सगळे म्हणायचे, आईवर गेलीय, नाजूक आहे. मीही म्हणायची. अकराव्या वर्षी तिच्या कॉलरवर मी लाल दोऱ्यानं अकरा काढले तेव्हा आत सात किलो होते.

शेवटच्या यानाचा निरोप आला तेव्हा मात्र माझी झोप उडाली. बंडी पुरी भरायची, असं मी ठरवलंसुद्धा. पण नेमकी त्याच दिवसांत वेणू मलूल झाली. चार पावलं चालून भिंतीला टेकायची. तिच्या खांद्यावर काळेनिळे डाग दिसले. मला वाटलं, हिला सातच झेपत नाहीत, त्यात आणखी चार कुठून घालू? उलट मीच एकदा म्हणाले, "वेणे, आण ती बंडी, जरा हलकी करून देते." ती बंडी छातीशी धरून मागं सरली. "नको आत्या. नको. चांगली हाय." त्यानंतर ती बंडीला मला हातही लावू देईना. काढली की स्वतःच्या खुंटीला अडकवायची. पोरगी मोठी होतेय, आपल्या वस्तू जपतेय, असं मी समजले. बाहुलीचे कपडे शिवायला म्हणून तिनं सुई आणि काळा दोरा मागून नेला, तेव्हा तर मला केवढा आनंद झाला. आत्याचा हात आला म्हणाले.

आणि त्याच सुमारास माझी कात्री हरवली. वडिलांची कात्री, अस्सल लोखंडाची, किलोभर वजनाची, इचलकरंजीहून भांडून आणलेली. मी वस्ती डोक्यावर घेतली. सगुणानं राग काढला असणार म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं. वेणूसुद्धा माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून वाकून शोधत होती.

डॉक्टरांकडून आम्ही परत आलो. मी जेवायला वाढलं, बटाट्याची भाजी आणि नाचणीची भाकरी. हणमंतानं भाकरीला हात लावला नाही.

"मी राहतो," तो म्हणाला. "आणि पाच म्हातारी माणसं राहत्यात, त्यांची हृदयं न्हाई टिकायची म्हणत्यात डॉक्टर. हवेच्या यंत्राला माणूस लागंलच. तू जा, अक्का."

"मी कशी जाऊ?"

"आई वाट बघतीया तिकडं. ब्याऐंशी वर्षांची हाय. तिला कोण हाय दुसरं?"

"हणमंता, मला तुला एक सांगायचंय."

"माझंच चुकलं," तो म्हणाला. त्यानं माझं ऐकलंच नव्हतं. "दिगूचा बाप त्याला रोज बोगद्यात पळवायचा. मी कधी पळवलं न्हाई. आई न्हाई पोरीला, आणि कशाला तरास द्यायचा म्हटलं. लाड केलं मी. माझ्या लाडापायी झालं हे."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो वेणूसमोर रडू नये म्हणून पाणी प्यायला उठला. त्याच्या पाठीकडं बघत मी मनात वाक्य जुळवत होते. जुळलंसुद्धा. पण तो वळला तेव्हा मी विचारलं, "भाजी आणखी वाढू का?"

वेणू आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग म्हणाली, "आत्या, तू जा. आजीला माझा फोटो दाखव."

राहिलेले दोन दिवस मी एकाच विचारात काढले, आणि तो विचार वेणूचा नव्हता, हे सांगायला मला आज लाज वाटते. तो बंडीचा होता. मी गेल्यावर हणमंत रिकामा बसेल. विचार करील. कधीतरी खुंटीवरची बंडी काढून काट्यावर घालील. मग त्याला कळेल, आणि मी तर कोट्यवधी मैलांवर. बंडी तिथं राहता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"वेणू," निघायच्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "तुझी आठवण म्हणून ती बंडी नेऊ का? आता तुला कशाला लागतीया?"

तिचा चेहरा उतरला. "ती नको ना. दुसरं काय तरी ने. माझी बाहुली ने."

"मला बंडीच पायजे."

ती थोडा वेळ खुंटीकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली. "पण पिशवीत मी भरते. आणि पिशवी मीच घेणार."

माणशी आठ किलो सामान चालणार होतं. बंडी सातची, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी बाकी काहीच घेतलं नाही. वेणूनं पिशवी दोन्ही हातांनी पाठीवर टाकली आणि बोगद्याच्या तोंडापर्यंत चालत आली. वाटेत दोनदा थांबली. मी घेते म्हटलं तर मान हलवली. फाटकाशी तिनं पिशवी स्वतःच सरकत्या पट्ट्यावर ठेवली, मला घट्ट मिठी मारली आणि बापाचा हात धरून काचेच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. हणमंत माझ्या पाया पडला. त्याला आशीर्वाद काय द्यावा, मला सुचलं नाही. नुसता हात ठेवला डोक्यावर.

काचेच्या अलीकडं सामान तपासायला यानावरचा माणूस होता. बोलण्यावरून नागपूरकडचा वाटला. त्यानं पिशवी उघडली आणि कॉलर बघितली.

"अकरा लिहिलं आहे नं, बाई, इथं. आठच्या वर नाही जमत."

"सात आहे," मी म्हणाले. "तो आकडा खोटा आहे. मीच शिवलीय."

सात वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंडानं बोलले, आणि बोलले कुणाजवळ, तर ज्याचं नावही मला माहीत नव्हतं अशा माणसाजवळ. त्यानं खांदे उडवले आणि बंडी काट्यावर ठेवली.

"तेरा भरली, बाई."

मला वाटलं त्याचा काटा बिघडलाय. त्यानं पुन्हा ठेवली. तेरा.

"काढा आतलं काय ते. घाई करा, मागे लाइन आहे."

मी बंडी उलटी केली. अस्तर माझं, कापड माझं, पण शिवण माझी नव्हती. प्रत्येक थैली उसवून पुन्हा शिवलेली होती, काळ्या दोऱ्यानं, लांब लांब वाकड्या टाक्यांनी. बाहुलीचे कपडे शिवायला नेलेला दोरा. मी एक टाका तोडला तशी बाकीची शिवण आपोआप सुटली आणि सगळं जमिनीवर पडलं. माझी काळी वाळू, आणि तिच्यात बोगद्यातले लाल खडे. गंजके नट-बोल्ट. फुटक्या कपाचे तुकडे. आणि पाठीच्या थैलीतून, टोचू नये म्हणून चिंधीत नीट गुंडाळलेली, माझ्या वडिलांची कात्री.

तिला आठवत होतं. सगळं आठवत होतं. यानाचं कळल्या दिवसापासून त्या अकरा वर्षांच्या पोरीनं माझी सात वर्षांची चूक एकटीनं भरून काढायला घेतली होती, आणि कमी पडू नये म्हणून दोन किलो वरच घातले होते. ते काळेनिळे डाग, ते भिंतीला टेकणं, यंत्रावर वाढलेले ते बारा. कुणाला सांगितलं असतं तर आत्याला बोल लागला असता, म्हणून सांगितलं नाही.

मी मागं वळून बघितलं. काचेपलीकडं हणमंत डोळे पुसत हात हलवत होता. सामान जास्त झालं असेल, एवढंच त्याला वाटलं असणार. त्याच्या शेजारी वेणू. बंडीशिवाय तिला उभी असलेली मी क्वचितच पाहिली होती. केवढीशी दिसत होती. तिनं जमिनीवरच्या खड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"यायचं नसेल तर आत्ताच सांगा," तो नागपूरचा माणूस म्हणाला. चांगला होता बिचारा. "नंतर दार उघडत नाही."

सांगता आलं असतं. दहा पावलं होती काचेपर्यंत. तिच्याजवळ राहता आलं असतं, चार वर्षं तर चार वर्षं. माझा हात वरही झाला होता.

तेवढ्यात वेणूनं बापाकडं एकदा चोरून पाहिलं, आणि माझ्याकडं बघत ओठांवर बोट ठेवलं.

मी वाकून कात्री उचलली, रिकाम्या बंडीत गुंडाळली आणि यानात चढले. रोज उठून त्या पोरीच्या डोळ्यांत बघायची माझ्यात ताकद नव्हती. दुसरं काही कारण नव्हतं. आईचं निमित्त मी नंतर सगळ्यांना सांगत आले.

अठरा वर्षं झाली त्याला. आई मी आल्यावर दीड वर्षांनी गेली. मंगळावरून निरोप यायचे, महिन्या-दोन महिन्यांनी, खरखरत. हणमंत दर वेळी म्हणायचा, माझ्या लाडापायी झालं, अक्का. आणि मी इकडून दर वेळी म्हणायची, असं नको म्हणूस रे. त्याला मी कधीच सांगितलं नाही.

शेवटचा निरोप मी निघाल्यावर साडेतीन वर्षांनी आला. त्याला धाप लागत होती. हवा विरळ झालीय, म्हणाला, सगळे एकाच खोलीत राहतो, म्हाताऱ्यांतले दोघं गेले.

"वेणू बरी हाय," तो म्हणाला. "रोज पळती बोगद्यात. नवी बंडी शिवलीया तिनं, तिची तिनंच. कॉलरवर पंधरा पण काढलंय लाल दोऱ्यानं, तुझ्यासारखं. मी म्हटलं, आता कशाला गं? तर म्हणती, यान आलं तर. डॉक्टरांचं यंत्र हितंच राहिलंय नव्हं, काल त्याच्यावर मोजलं."

मग बराच वेळ नुसती खरखर.

"बाहत्तर आलं, अक्का."